गोष्टीचं इंग्रजी पुस्तक आणि बापूंचे रोजचे दहा शब्द

"रोज दहा शब्द पाठ करायचे. महिन्याला तीनशे. वर्षभरात इंग्रजी फाडफाड!" बापूंचा हिशेब ऐकून मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

बेळगावच्या टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचा कट्टा. परवा विषय निघाला बापूंच्या नातीचा. सातवीत आहे, मराठी माध्यमात. शाळेत कन्नड आणि इंग्रजीही आहेच. मराठी गोष्टींचा तर ती फडशा पाडते, म्हणून बापूंनी हौसेनं एक जाडजूड इंग्रजी समुद्रकथा आणून दिली. ते पुस्तक त्यांच्या पिशवीतच होतं.

मास्तरांनी ते उघडलं. पहिल्या पानावर ओळीओळीला दोन-तीन शब्दांखाली पेन्सिलीची रेघ, वर मुंगीएवढ्या अक्षरांत डिक्शनरीतला मराठी अर्थ. दुसरं पान तसंच. तिसऱ्या पानाच्या मध्यावर रेघा संपल्या. पुढची पानं कोरी करकरीत.

"पोरगी इथं दमली. बापू, ह्यात तिला गोष्ट कुठं भेटली?"

मास्तरांचा नियम सोपा आहे. मधलं कुठलंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ वळली, तर ते पुस्तक सध्या बाजूला. हा नुसता अंदाज नाही. कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायला शंभरातले साधारण अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, असं अभ्यासकांना आढळलं आहे. अडीचशे शब्दांच्या पानाला ते पाचच अनोळखी शब्द पडतात.

अण्णांचं खडेबाजारात दुकान आहे, त्यांना हे पटेना. "काय सांगूलैस मास्तर? सोपं तेच वाचलं तर नवं येणार कुठनं?"

"त्या पाचांतनंच. पोरगा मेणबत्ती घेऊन अंधारात दगडी पायऱ्या उतरला, खाली गारठा, कडेला पिंपं. तिथं 'सेलर' म्हणजे तळघर हे सांगायला कुणी लागत नाही."

"आणि अंदाज चुकला तर?" बापूंचा हा प्रश्न मला रास्त वाटला. अंदाज चुकतोच, अनेकदा चुकतो. एका वाक्यावरून शब्द क्वचितच पुरता कळतो. तो दुसऱ्या प्रकरणात, तिसऱ्या पुस्तकात, वेगळ्या प्रसंगात पुन्हा भेटला तरच मनात बसतो. पण त्यासाठी पुस्तकं पुरी व्हायला हवीत ना! तिसऱ्या पानावर अडलेल्या मुलीला तो शब्द पुन्हा भेटणार कधी?

मग मी मायकेल वेस्टचं सांगितलं. हा इंग्रज शिक्षणतज्ज्ञ १९२०च्या दशकात ढाक्याला होता. बंगाली मुलांची इंग्रजी वाचनाची पुस्तकं तपासताना त्याच्या लक्षात आलं की नवे शब्द फार दाटीनं येतात आणि त्यांतले कित्येक जुनाट, पुन्हा न भेटणारे असतात. त्यानं नेहमीच्या वापरातले शब्द घेऊन, नव्यांमध्ये अंतर ठेवून वाचनमाला लिहिल्या. पुढं १९५३ साली सुमारे २००० शब्दांची त्याची यादी निघाली. आज बाजारात पायरीपायरीनं लिहिलेली गोष्टींची पुस्तकं मिळतात, त्यांची वाट इथूनच निघते. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिली पायरी ४०० मूळ शब्दांची, सहावी २५०० ची.

"पाणी घातलेलं दूध ते," अण्णा म्हणाले.

थोडं खरं आहे. त्या पुस्तकांतली भाषा सपाट वाटते, मूळ लेखकाची लय जाते. तरीही मी तीच देईन. एक इंग्रजी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं, हा अनुभव सातवीतल्या मुलीला पुढची दहा पुस्तकं वाचायला लावतो. डिक्शनरी हवीच, पण प्रकरण संपल्यावर, आणि जो शब्द वारंवार आडवा आला त्याच्यासाठीच. अर्थ मराठीत लिहिला तर खुशाल लिहू दे. आपल्याकडं काही शिकवण्यांत मराठी अर्थ लिहिला की वही फेकतात, ते मला अजिबात पटत नाही. गोष्ट कशी चालते, माणूस खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं, हे ती मराठी वाचूनच शिकली आहे. इंग्रजी वाचताना तेच तिच्या कामी येणार.

शेवटी बापू नातीला घेऊन सार्वजनिक वाचनालयात जायला तयार झाले, पुस्तक तिचं तिनं निवडायचं या अटीवर. दहा शब्दांचा हट्ट मात्र सुटला नाही. मास्तर पाचावर आले, तेही तिनं वाचलेल्या पानांतलेच. बापू आठावर अडून आहेत.