हसू मच्छीमारावर नको
वन्यजीव वाचवायचे तर व्याख्यानापेक्षा व्यंगचित्र लोकांपर्यंत लवकर पोचतं, हे तुमच्या व्यंगचित्रांवरच्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. नागपूरचे व्यंगचित्रकार रोहन चक्रवर्ती हे काम वर्षानुवर्षं नेटाने करताहेत. आमच्या कोकणात मात्र अशी चित्रं मराठीत, जमल्यास मालवणीत हवीत आणि ती एसटी स्टँडवर, मासळीच्या लिलावाच्या जागी लागायला हवीत.

खवले मांजराचंच बघा. त्याचे खवले आपल्या नखांसारखेच केराटिनचे, तरी औषधी समजून त्यापायी बिचाऱ्याची शिकार होते. चित्रात खवले मांजर शिकाऱ्यापुढे नेलकटर धरून म्हणतंय, "तुझीच काप की, माल तोच आहे!" विषय संपला. शिमग्याच्या नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, संकासुराचं सोंग हसवता हसवता भल्याभल्यांची कानउघाडणी करतं, तेव्हा ही रीत आपल्याला नवी नाहीच.

फक्त एक कळकळीची विनंती. कासव जाळ्यात अडकलं की चित्रात मच्छीमार खलनायक होतो, ते नको. कासव सोडवायला स्वतःचं जाळं कापणारेही इथेच आहेत. संरक्षित जीव सोडताना जाळ्याचं नुकसान झालं तर राज्य सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, २०१८ पासून ही योजना आहे. पण सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. घाईत नेमका तोच राहतो. यावर कुणीतरी चित्र काढाच: कासव जाळ्याबाहेर येऊन थांबलंय, "आधी फोटो काढ मरे, मगे जातंय!" आमच्या जेटीवर ते मी स्वखर्चाने लावीन.