‘काकू, छंद म्हणून ठीक आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या विहीणबाईंच्या, म्हणजे जावयाच्या आईच्या, घराण्यात ‘आपला एक पूर्वज पोर्तुगीज होता’ असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका काउंटी (म्हणजे जिल्हा) कोर्टाच्या अठराव्या शतकातल्या वह्या वाचताना मला तो पोर्तुगीज नव्हे, तर हिंदुस्थानातून इंग्लंडमार्गे तिथे पोचलेला नोकर निघाला. त्याच्या मुलाला चर्चने ठरावीक वर्षं चाकरी करायला एका घरी बांधून दिलं आणि पुढे तोच मुलगा करपात्रांच्या यादीत दिसतो, असं मी लिहिलं होतं. त्यावर हे वाचक लिहितात :

“काकू, छंद म्हणून ठीक आहे, पण चार मायक्रोफिल्म फिरवल्या म्हणजे पूर्वज सापडत नाही. त्या काळच्या व्हर्जिनियात ‘इंडियन’ म्हणजे बहुतेक वेळा तिथला मूळ रहिवासी. शिवाय चर्चने बांधून दिलेला तो मुलगा आणि पुढे करपात्रांच्या यादीत दिसणारा माणूस एकच, हे कशावरून? मधली तीस वर्षं कोरी आहेत. डीएनए चाचणी करून घ्या, विषय संपेल. आणि तारखा जुन्या पंचांगाच्या आहेत हे आपल्या लक्षात आलेलं दिसत नाही.”

नमस्कार. आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. एकदा रागाने, एकदा चष्मा पुसून आणि एकदा लेकीला मोठ्याने वाचून दाखवताना. लेक म्हणाली, “आई, सोड ना.” सोडणारच होते. पण पुन्हा त्या पहिल्या शब्दावर नजर गेली.

काकू. आपली ओळख नाही, आपलं गाव मला माहीत नाही, आपण माझ्या हातचं काही खाल्लेलं नाही. घरच्या पोराने काकू म्हटलं की मायेचं वाटतं. अनोळखी माणूस वादाला तोंड फोडतानाच काकू म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘तुम्ही आत जाऊन चहाचं बघा’ असा होतो. माझ्या जागी एखादे निवृत्त अधिकारी असते तर आपण ‘सर, एक शंका होती’ अशी सुरुवात केली असती, हे आपल्यालाही ठाऊक आहे. आणि ‘छंद म्हणून ठीक आहे’! छंद वाईट असतो का? माझ्या एका मामांना टपाल तिकिटांचा छंद होता. त्यांना कुणी ‘चार तिकिटं चिकटवली म्हणजे’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

एक गोष्ट मान्य करते, नाहीतर हेकट म्हणाल. तारखेचं आपलं म्हणणं बरोबर आहे. इंग्रजांच्या मुलखात १७५२ पर्यंत सरकारी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, साधारण आपल्या पाडव्याच्या सुमारास. त्यामुळे फेब्रुवारीतल्या नोंदीवर क्लार्कने जे वर्ष घातलंय ते आजच्या हिशोबाने एकाने मागे पडतं. (१७५२ च्या सप्टेंबरात तर २ तारखेनंतर एकदम १४ उजाडली. मधल्या अकरा दिवसांचा पगार कुणी कापला असेल, देव जाणे.) मी लेखात दुरुस्ती केली आहे. आभार. काकू न म्हणताही हे सांगता आलं असतं.

आता ‘चार मायक्रोफिल्म’.

चार नव्हेत, सत्तावीस. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात मी दोन वर्षं दर मंगळवारी जात होते. लेक ऑफिसला जाताना सोडायची, संध्याकाळी न्यायची. डबा बाहेर बसून खायचा, आत पेनही नेता येत नाही, पेन्सिल चालते. मायक्रोफिल्मच्या एका रिळावर कोर्टाच्या ऑर्डर बुकची शेकडो पानं. ऑर्डर बुक म्हणजे काय हे आपल्याला माहीत असेलच, पण इतर वाचकांसाठी सांगते. काउंटी कोर्ट महिन्यातून एकदा भरायचं. गावचे प्रतिष्ठित जमीनदार जस्टिस म्हणून बसायचे आणि क्लार्क जे घडेल ते एका वहीत उतरवायचा. कुणाचं कर्ज थकलं, कुणाचं डुक्कर मारलं, कुणी कुणाला काय बोललं, कुठला रस्ता साफ करायचा, कुठल्या अनाथाला कुणाच्या घरी बांधून द्यायचं, सगळं एकाखाली एक. अनुक्रमणिका असली तर दैव, आणि असलीच तर ती मालकांची. नोकरांची नावं तिच्यात शोधणं म्हणजे सातबाऱ्यावर सालगड्याचं नाव शोधण्यासारखं. म्हणून पान न् पान वाचावं लागतं. त्यातही आमचं नशीब चांगलं, की आमची काउंटी व्हर्जिनियाच्या नॉर्दर्न नेक नावाच्या भागातली, तिकडच्या वह्या बऱ्याच शाबूत आहेत. कित्येक काउंट्यांनी यादवी युद्धात आपली दप्तरं सुरक्षित राहतील म्हणून राजधानीत, रिचमंडला, पाठवली आणि १८६५ च्या एप्रिलमध्ये रिचमंडच जळलं. जपायला दिलेलं तेवढं गेलं.

आणि वाचता कसं आलं, असा प्रश्न आपण विचारला नाहीत, तरी तो आपल्या वाक्यात आहे, म्हणून सांगते. माझे वडील कोकणातल्या एका तालुका कोर्टात नकलनवीस होते. पक्षकारांना हुकूमनाम्याच्या नकला करून देणं हे त्यांचं काम. जुन्या मिळकतींच्या दाव्यात मोडी कागद निघायचे आणि ते वाचायला वडिलांना बोलवायचे. रविवारी ते मला शेजारी बसवून मोडी वाचायला लावत. आधी पानभर रेघ ओढलेली, मग तिला अक्षरं लोंबवलेली, शब्दाशब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. शब्द कुठे तुटतो ते अर्थावरून ओळखायचं. मी चुकले की वडील म्हणत, “अक्षर वाचू नकोस, कारकून वाच.” त्याला कशाची घाई आहे, तो रोज काय लिहितो, कुठे आळस करतो, ते एकदा कळलं की कागद आपोआप वाचता येतो.

व्हर्जिनियाचा क्लार्कही तसाच आळशी. ‘वाय’वर चिमुकला ‘ई’ काढला की ते ‘द’ वाचायचं. शब्दाच्या मधला ‘एस’ उंच, थेट ‘एफ’सारखा. आणि दर ओळीत एक ‘एस’ आणि ‘डी’, वर एक फराटा. पहिले दोन मंगळवार मला ते काय आहे ते कळेना. तिसऱ्या मंगळवारी लक्षात आलं : ‘सेड’. द सेड सर्व्हंट, द सेड मास्टर. अहो, हा तर आपला ‘सदरहू’! सदरहू इसम, सदरहू मिळकत. वाचनालयात मी एकटीच मोठ्याने हसले आणि शेजारचे गृहस्थ दचकले. बाबा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. हे आपल्या ‘छंद’ या शब्दात कुठे बसतं ते मला कळवा.

‘इंडियन’ या शब्दाबद्दल आपण मला शिकवायला निघालात. सर्वसाधारणपणे आपण म्हणता ते खरं आहे आणि माझ्या लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात मीच ते लिहिलं आहे. तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही. त्या नोंदीत नुसतं ‘इंडियन’ नाही, ‘ईस्ट इंडिया इंडियन’ आहे. तरी शब्द सोडा, अर्ज बघा. १७०५ चा व्हर्जिनियाचा कायदा म्हणतो की समुद्रमार्गे किंवा जमिनीवरून आणलेले जे नोकर आपल्या मायदेशी ख्रिस्ती नव्हते, ते गुलाम मानले जातील. पण इंग्लंडात किंवा दुसऱ्या ख्रिस्ती देशात जहाजावर चढण्यापूर्वी आपण स्वतंत्र होतो असं जो सिद्ध करील, तो त्यातून सुटेल. आमच्या माणसाने बरोबर हाच मुद्दा धरून अर्ज केला : मी इंग्लंडात मोकळा होतो, मला इथे आणून विकलं. कोर्टाने पुरावा मागितला. पुढच्या महिन्यात एक साक्षीदार उभा राहिला, त्याचा भत्ता तंबाखूच्या पौंडांत ठरला आणि अर्जदाराला सोडण्याचा हुकूम झाला. तिथल्याच रॅपाहॅनॉक नदीच्या काठावर जन्मलेला मूळ रहिवासी ‘मी इंग्लंडहून जहाजाने आलो’ असा अर्ज कशाला करील?

आणि असा तो एकटा नव्हता. १६३५ सालच्या जमिनीच्या सनदेत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असं नाव आहे. माणूस आणण्याचा खर्च केला की माणशी ५० एकर जमीन मिळायची, त्या यादीत. १७६८ च्या व्हर्जिनिया गॅझेटमध्ये पळून गेलेल्या टॉमस ग्रीनिचची जाहिरात आहे : ईस्ट इंडिया इंडियन, उंची पाच फूट चार इंच, लांब काळे केस, दात अतिशय सुरेख पांढरे. १७७६ मध्ये जॉन न्यूटन, जन्माने ‘एशियाटिक इंडियन’, वय वीसच्या आसपास, दहा वर्षं इंग्लंडात काढलेला. ही नावं मालकांनी ठेवलेली, मूळ नावं कुणी लिहिलीच नाहीत. मालकाने चोर शोधल्यासारखं वर्णन लिहिलंय आणि आज तेवढंच त्या माणसाचं चित्र उरलंय. त्या दातांवर मी बराच वेळ थांबले होते.

तो कोकणातला असेल असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मोह झाला होता. मुंबई १६६८ पासून कंपनीकडेच होती, तिथून एखादा साहेब पोऱ्याला विलायतेला घेऊन गेला असेल, वगैरे वगैरे. आवरला. सुरत, मद्रास, हुगळी, काहीही असू शकतं. याचं श्रेय आपण दिलं नाहीत, हरकत नाही.

डीएनएचं दोन वाक्यांत. हा पूर्वज सुमारे दहा पिढ्या मागे आहे, तिथे प्रत्येकाचे कागदोपत्री १०२४ पूर्वज होतात आणि त्यातल्या अनेकांचा एक कणही आपल्यात उतरत नाही. शिवाय आमची साखळी जावयाच्या आईवरून जाते, त्यामुळे बापाकडून लेकाकडे जाणारी खूणही इथे चालत नाही. ‘चाचणी करा, विषय संपेल’ हे वाक्य आपल्यासारख्या अभ्यासकाच्या तोंडी शोभत नाही, एवढंच म्हणते.

राहिलं त्या मुलाचं. आई गोरी नोकर, म्हणून मुलाचा दर्जा आईवरून ठरवणाऱ्या १६६२ च्या कायद्याप्रमाणे मूल जन्माने स्वतंत्र. पण बाप ‘इंडियन’, म्हणून १७०५ च्या व्याख्येने ते ‘मुलाटो’, म्हणजे मिश्र वंशाचं, आणि चर्चवॉर्डनांनी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांनी, त्याला वयाच्या ३१ व्या वर्षापर्यंत बांधून दिलं. आईला दंड १५ पौंड, तो भरता आला नाही तर आणखी पाच वर्षं चाकरी. पुढे करपात्रांच्या यादीत तेच आडनाव (आईचं), तीच काउंटी, वयही जुळतं. आता एवढ्यावर ज्यांचं समाधान होत नाही त्यांचं कशानेच होणार नाही. प्रत्येक दुव्याला शिक्कामोर्तब मागायचं ठरवलं तर तुमचे स्वतःचे खापरपणजोबा तरी सिद्ध होतील का? ते आडनाव इंग्रजांत सर्रास आहे असं तुम्ही पुढे लिहिलंत. असेल. त्यावर मी वाद घालत बसत नाही.

विहीणबाईंनी तो लेख जावयाकडून समजावून घेतला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती, तिला फक्त देश चुकीचा सांगितला होता. मला तेवढं पुरलं. तुम्हाला पुरलं नाही, तर तुम्ही स्वतः जाऊन सत्तावीस रिळं फिरवा, वाचनालय सगळ्यांना खुलं आहे.

येत्या मंगळवारी मी १७४० च्या दशकातलं रीळ मागवलं आहे. ३१ वर्षं भरली की मुक्त केल्याचा हुकूम कोर्टात कधी कधी नोंदलेला असतो, तो सापडतो का बघायचं आहे. हे तुमच्या सांगण्यावरून नाही. आधीच ठरलं होतं.