मांडी, बाबागाडी आणि तो फॉरवर्ड

'बाळासाठी ट्रॅव्हल सिस्टिमच्या फंदात पडू नका' असा एक मजकूर आमच्या भावकीच्या, भिशीच्या आणि माहेरच्या, तिन्ही ग्रुपवर येऊन गेला. त्यातले मुद्दे चार. गाडीत आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही. बाबागाडीत निजवल्याने बाळाचा कणा वाकतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे फॅड चालत नाही. आणि घ्यायचंच तर कुणाचं तरी जुनं घ्या, वर्षभराचा तर प्रश्न. खाली हात जोडलेले चार इमोजी.

माझ्या भाचीला आठवा लागलाय. तिने तोच मजकूर पाठवून विचारलं, "मावशी, खरं काय गं ह्यात?" म्हणून लिहायला बसले.

ट्रॅव्हल सिस्टिम म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर बसणारी बाबागाडी, आणि कारमध्ये बांधायची बाळाची सीट. ही सीट कारमधून काढून तशीच सांगाड्यावर अडकवता येते. दुकानात सगळं एका खोक्यात मिळतं, पण वस्तू दोन आणि त्यांची कामं दोन. मजकूर लिहिणाऱ्याने दोन्ही एकाच मापात मोजल्यात.

रस्त्यांबद्दल त्याचं बरोबर आहे. मी ते पैसे घालवून शिकले. थोरल्याच्या वेळी हौसेने बाबागाडी आणली. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला लावलेल्या दुचाकी आणि उरलेल्या जागेत कुणाची तरी म्हैस. गणपत गल्लीत दिवेलागणीला मोकळ्या हातांनी चालणं मुश्कील, तिथे गाडी कुठली ढकलता? दोन महिन्यांत तिच्यात कांदे-बटाटे जाऊन बसले. कॅम्पात राहत असाल, रोज किल्ला तलावाकडे फिरायला जात असाल तर गोष्ट वेगळी. चाकांवर पैसे घालायचे की नाही, हे आपल्या दारातल्या रस्त्याला विचारावं.

मांडीचा मुद्दा मात्र जिवावर बेतणारा आहे.

हिशोब करून बघा. कार ताशी 50 किलोमीटरने चाललीय, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर काही आलं आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या 14 पट जोर येतो. चार किलोचं बाळ त्या क्षणाला 56 किलोंसारखं हातातून सुटू बघतं. सिमेंटचं पोतं 50 किलोंचं असतं. बाळंतीण सोडाच, ते धडधाकट गड्यालाही धरवणार नाही, आणि सावरायला वेळही मिळत नाही. आईने पट्टा लावला नसेल तर तिचंच अंग बाळावर जातं. काही जणी एकच पट्टा दोघांवरून घेतात, ते तर सगळ्यांत वाईट. पट्टा आणि आई, दोघांच्या मध्ये बाळ चिरडतं.

सासूबाई म्हणाल्या, "आमची पोरं काय सीटात वाढली?" नाही वाढली. पण तेव्हा खानापूरहून बाळंतीण आणायला कुणी हायवेवरून 80 ने कार हाकत नव्हतं. कायद्यातही हे आता आलंय. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 ब प्रमाणे 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा बालसीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

"आमच्याकडे स्कूटरच आहे" म्हणणाऱ्यांना एवढंच, की दुचाकीवर मुलाला हार्नेस (चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा) आणि हेल्मेट घालून ताशी 40 च्या आत न्यायचा जो नियम आहे, त्याची सुरुवातच नऊ महिन्यांच्या मुलापासून होते. दवाखान्यातून घरी येताना भाड्याची कार करा. बऱ्याच सीट कारच्या साध्या पट्ट्याने बांधता येतात, फक्त त्या कारला कमरेचा आणि खांद्याचा, दोन्ही पट्टे हवेत.

सीट मागच्या बाकावर, बाळाचं तोंड कारच्या मागच्या काचेकडे. चालू एअरबॅगसमोर ती कधीच ठेवायची नाही. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट: दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाला पट्टे लावताच येत नाहीत, कारण एक पट्टा दोन पायांमधून येतो. डिसेंबरच्या थंडीत कुंची, स्वेटर, शाल असं सगळं घालून वरून पट्टा आवळला तर तो वाटतो घट्ट, असतो ढिला. पातळ अंगड्यावर पट्टे लावा आणि शाल वरून पांघरा.

कण्याबद्दल अर्धं खरं, तेही चुकीच्या कारणाने. सपाट होणाऱ्या बाबागाडीत कणा वाकत नाही. खरी काळजी श्वासाची. तान्ह्याची मान धरलेली नसते. अर्धवट बसतं ठेवलं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून सहा महिन्यांपर्यंत बाबागाडी पूर्ण आडवी होणारी हवी, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी नको. ट्रॅव्हल सिस्टिमची जाहिरात जिथे फसवते ती जागाही हीच. सीट चाकांवर बसते म्हणून बाळाला तीत तासन्‌तास झोपू द्यायचं नाही. मुक्कामी पोचलात की पाळण्यात किंवा अंथरुणावर उताणं निजवा. पहिल्या आठवड्यांत अर्ध्या तासाहून जास्त सलग ठेवूच नये. कोल्हापूरला जायचं तर वाटेत थांबत जा.

जुन्याचं म्हणाल तर बाबागाडी खुशाल जुनी घ्या, ब्रेक आणि कुलपं तपासून. माझी मागितली तर कांदे काढून देते. सीट मात्र बहिणीकडचीच घ्या, म्हणजे त्या सीटचा इतिहास तुम्हाला ठाऊक असतो. एकदा अपघातात सापडलेल्या सीटचं प्लास्टिक आतून तडकलेलं असू शकतं, बाहेरून दिसत नाही. लेबलवर एआयएस-072 (भारतीय सुरक्षा मानक) किंवा वर्तुळातलं 'ई' आणि आकडा (युरोपीय मानक) शोधा, बनवल्याची तारीखही बघा.

आणि खरेदीला जाताना कार घेऊन जा. खडेबाजारात लावायला जागा मिळणार नाही, मिळेल तिथे नवऱ्याला आत बसवून ठेवा. सीट आपल्या बाकावर घट्ट बसते का, पट्टा पुरतो का, हे बांधून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.