‘एक लाखासाठी मरतात’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर माझ्या फोनवर चारदा आला. एकदा पुतण्याकडून, एकदा वर्गमित्रांच्या गटावर, आणि दोनदा अशा दोघांकडून, ज्यांच्या बापानं आमच्याच सोसायटीतून पीककर्ज उचलून त्यांच्या इंजिनिअरिंगची फी भरली होती. मजकूर थोडक्यात असा: शेतकरी कर्जामुळे मरत नाहीत, दारू आणि पोरीच्या लग्नातला बडेजाव ही खरी कारणं. मेल्यावर सरकार एक लाख देतं, त्याचा मोह असतो. कर्ज तर दर चार-पाच वर्षांनी माफ होतंच. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी पाला खाल्ला पण जीव दिला नाही, आताची पिढीच कच्ची. आणि समुपदेशन वगैरे थोतांड आहे, ज्याला जायचं तो जातोच. खाली ‘कटू पण सत्य’ आणि हात जोडलेली तीन चित्रं.

मी यवतमाळ जिल्ह्यात २६ वर्षं सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. कर्जाचे अर्ज मी भरले, वसुलीच्या याद्याही मीच लावल्या. म्हणून उत्तर देतोय. क्रम माझ्या सोयीनं.

लाखाचं आधी घेतो, कारण तेच सगळ्यात जास्त लागलं.

ही मदत २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाची. तेव्हा सोनं तोळ्याला दहा हजारांच्या आत होतं. सोनं कुठं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, लाख मात्र लाखच राहिला. त्यातले ३० हजार हातात येतात, ७० हजार मुदत ठेवीत जातात. आणि तेही सरळ मिळत नाहीत. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदार, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती. जमीन त्याच्या किंवा घरच्यांच्या नावावर हवी. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. नापिकीमुळे ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा लागलेला हवा. बटईनं किंवा मक्त्यानं दुसऱ्याचं वावर वाहणारा यात बसत नाही. नात्यातून, कृषी केंद्राच्या उधारीतून, गावातल्या बिनपरवाना सावकाराकडून घेतलेलं कर्ज मोजलं जात नाही. शेतमजूर तर हिशेबातच नाही. आणि २०२२ मध्ये देशभरात शेतीवर जगणाऱ्या ज्या ११,२९० माणसांच्या आत्महत्यांची नोंद झाली, त्यातले ६,०८३ शेतमजूर होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा ४,२४८. यातली दरवर्षी शेकड्यांनी प्रकरणं ‘अपात्र’ असा शेरा घेऊन घरी परत येतात.

म्हणजे लाखाच्या मोहानं मरणाऱ्या माणसाला आधी बापाच्या नावावरचा सातबारा नीट करून घ्यावा लागेल, सावकार सोडून सोसायटीत कर्ज काढावं लागेल, ते थकवावं लागेल आणि नोटीस जपून ठेवावी लागेल. एवढा हिशेबी माणूस मी माझ्या अख्ख्या नोकरीत पाहिला नाही. असता तर तो तगला असता.

त्या घरात नंतर काय होतं हेही मजकूर लिहिणाऱ्यानं पाहिलेलं नाही. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत अशा ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के बायकांच्या नावावर नवरा कसत होता ती जमीन तोवर झालेलीच नव्हती.

आता दारू आणि लग्न.

दारू नाही असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात आहे, आणि तिनं घरं बुडवलीत. पण आकड्यांचंच बोलायचं तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१५ च्या तक्त्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमागं दारू-अमली पदार्थांचं व्यसन ४.९ टक्के आहे, कर्जबाजारीपणा ३८.७ टक्के आणि शेतीशी संबंधित अडचणी १९.५ टक्के. हा तक्ता म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. आदल्याच वर्षी त्यात कर्ज २०.६ आणि कौटुंबिक अडचणी २०.१ टक्के होत्या, आणि एका वर्षात अख्ख्या देशाची घरं काही बदलत नाहीत. ठाण्यात रकाना भरणारा माणूस घरचे रडत रडत जे सांगतील ते एका शब्दात बसवतो. त्या शब्दाच्या मागं काय असतं, ते मी मार्च महिन्यात पाहिलंय.

३१ मार्चच्या आत जुनं पीककर्ज भरलं, तर तीन लाखांपर्यंत राज्याची-केंद्राची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की सवलत गेली, खातं थकीत झालं, आणि जूनमध्ये बियाण्याला नवं कर्ज नाही. पण मार्चमध्ये कास्तकाराच्या हातात पैसा कुठला? कापूस दिवाळीपासून मजुरी, किराणा आणि कृषी केंद्राच्या उधारीत गेलेला असतो. मग तो गावातल्या कोणाकडून पंधरा दिवसांच्या बोलीवर पैसे उचलतो, सोसायटीत भरतो, एप्रिलमध्ये नवं कर्ज निघालं की त्याला परत देतो, वर शेकड्याला ठरेल ते. याला आम्ही नवं-जुनं म्हणतो. कागदावर तो आमचा नियमित कर्जदार. वरच्या साहेबांना अशी खाती फार आवडतात. पण नवं कर्ज मंजूर व्हायला उशीर झाला, की पंधरा दिवसांची बोली तीन महिन्यांवर जाते. पैसे दिलेला माणूस रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसतो. काही बोलत नाही, नुसता चहा पितो. आत बायको विचारते, हा रोज कशाला येतो? तिथून भांडण सुरू होतं. कोणी त्याच रात्री पितो. पुढं रकान्यात ‘कौटुंबिक’ लिहा नाहीतर ‘व्यसन’.

लग्नाबद्दल एवढंच, की शहरात हप्त्यावर केलेल्या लग्नाला हौस म्हणतात.

कर्जमाफीचं लवकर आटोपतो. २००८ ची केंद्राची, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. तिन्ही बँका आणि सोसायट्यांच्या कर्जाला. अंगणात बसलेल्या माणसाचं कर्ज कोणी माफ केलेलं नाही. २००८ ला संपूर्ण माफीची अट दोन हेक्टरची होती. आमच्याकडं सात-आठ एकर कोरडवाहूवाला बागायती दोन एकरवाल्यापेक्षा गरीब असतो, आणि तोच बाहेर राहिला. दुसरं, केंद्राच्याच २०१८-१९ च्या पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. शेतकऱ्याला पिकापेक्षा मजुरी जास्त देते. पाटी एकदा पुसली तरी पुढच्या हंगामात ती परत भरणारच.

सावकाराबाबत मात्र एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती उपयोगाची आहे आणि गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं शेतकऱ्याच्या तारणी कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जाला १२ टक्के एवढीच व्याजाची मर्यादा ठेवली आहे. शेकडा तीन-पाच रुपये महिना हे बेकायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. आणि खरेदीखताच्या नावाखाली सावकारानं लाटलेली जमीन, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करून परत मिळू शकते. माणूस सावकाराला भितो त्याच्या निम्मं कारण हे आहे, की आपल्या बाजूनं काही लिहिलेलं आहे हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

आता बहात्तर.

मी तेव्हा शाळेत होतो. सुकडीचा वास आणि खडी फोडायला गेलेल्या बाया मला आठवतात. मजकूर म्हणतो ती माणसं खमकी होती. होतीच. पण त्यांना एकट्यानं खमकं राहावं लागलं नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. पाटील आणि मजूर एकाच रांगेत हजेरी लावत, आठवड्याला पगार होई. पुढं त्यातूनच रोजगार हमीचा कायदा झाला. दुष्काळ सगळ्यांचा होता, म्हणून लाज कोणा एकाची नव्हती. शिवाय बियाणं घरचं, खत उकिरड्याचं. पीक गेलं तर पीकच गेलं, वर पाकिटाचे पैसे देणं नव्हतं. आज पाऊस शेजारच्या शिवारात पडतो, आपल्यात पडत नाही. बोंडअळी येते, भाव हमीच्या खाली जातो, आणि मालात ओल जास्त म्हणून खरेदी केंद्र परत पाठवतं. हे ज्याचं त्याला एकट्यालाच घडतं. घराच्या आत.

आणि ‘आताची पिढी’ म्हणजे कधीची? आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबानं जीव दिल्याची घटना १९ मार्च १९८६ ची. त्या दिवसाच्या आठवणीनं आजही अनेक गावांत लोक १९ मार्चला अन्नत्याग करतात. महिना मार्चच आहे, बघा.

शेवटचा मुद्दा: ज्याला जायचं तो जातोच. हे वाक्य मीही पूर्वी म्हटलंय, दोन-तीन मयतींत. त्यानं आपलं ओझं हलकं होतं, आपण काही करू शकलो असतो हा प्रश्नच उरत नाही.

पण ते खरं नाही. श्रीलंकेत १९९५ पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, आणि वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. जायचं ठरवलेला माणूस जातोच असता, तर हा आकडा हलला नसता. एक घडी असते. ती टळली की बहुतेक माणसं जगतात. फवारणीचं उरलेलं औषध घरात उघडं ठेवू नका, कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडं द्या, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि थोतांड? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून घरोघर पाठवलं. त्यांनी बसायचं, ऐकायचं, झोप-भूक विचारायची, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत न्यायचं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मागच्या वर्षभरात जीव देण्याचा विचार मनात आला असं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअट्री’त छापून आला. आमच्याच मातीतली, आमच्याच भाषेत बोलणारी माणसं होती ती. आता १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा फोनही आहे, फुकट, रात्रंदिवस, मराठीतून. आणि एकदा प्रयत्न केलेल्यावर पोलीस केस होईल या भीतीनं घरचे दवाखान्यात खोटं सांगतात, त्यांच्यासाठी: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणात होता असं धरायचं आहे, त्याला शिक्षा करायची नाही.

फक्त ‘मन खंबीर ठेवा’ म्हणून चालत नाही, हे मात्र मजकूर लिहिणाऱ्याइतकंच मलाही पटतं. ज्याची झोप एका कागदानं उडवली आहे, त्याच्या खांद्यावर हात ठेवा, पण दुसऱ्या हातानं तो कागद वाचा. मी आता तेवढंच करतो. मार्चमध्ये कोणाकडं गेलो तर आधी झोपेचं विचारतो, मग पासबुक मागतो. देणं किती, कोणाचं, कोणतं थांबू शकतं, हे एका पानावर लिहून झालं तरी माणूस पाणी मागतो, तंबाखू काढतो.

उशीर झालेल्या घरांतही जातो. पाच-सहा वर्षांपूर्वी तेरवीनंतर एका घरी गेलो होतो. त्या मार्चात थकबाकीची यादी माझ्याच हातानं फळ्यावर लागली होती, त्यात त्याचं नाव सातवं. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून कागद काढून बसलो. वारस नोंदीचा अर्ज. संजय गांधी निराधारचा, जो आज महिन्याला १,५०० रुपये देतो. राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २० हजार, दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव होतं म्हणून. दोन लेकरांसाठी बालसंगोपन योजना, आज लेकरामागं महिन्याला २,२५० रुपये. यातलं एकही तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी भरत गेलो, ती जिथं दाखवेन तिथं सही करत गेली. दीड तास घरात कोणी बोललं नाही. शेवटच्या अर्जावर सही करून पेन खाली ठेवला आणि म्हणाली,

“ते रातीचे उठून वावरात जायचे, भाऊ. मले वाटे पिकाच्या जागलीले जातेत. आता समजते, चैतात काहाची जागल?”