व्ही का डब्ल्यू?

आमचं आडनाव विद्वांस. मराठीत काही त्रास नाही; द ला व जोडला, काना दिला, वर टिंब ठेवलं की संपलं. घोळ सगळा इंग्रजीत. अण्णा जन्मभर डब्ल्यूचं विद्वांस लिहीत आले, कारण त्यांच्या मास्तरांनी ‘व म्हणजे डब्ल्यू’ असं सांगितलं होतं आणि मास्तरांचा शब्द खोडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर कारकुनानं पहिल्या अक्षराला व्ही लावला, मधला डब्ल्यू तसाच ठेवला; तेच पुढे आधारवर गेलं. गॅसच्या पुस्तकावर तर कुणीतरी डीच्या पुढे एच घातलाय. त्या पुस्तकापुरते आम्ही विध्वंस. (विध्वंस आडनावाची माणसं खरोखर असतात. माझ्या ओळखीतली सगळी गरीब स्वभावाची आहेत. विद्वांसांबद्दल तसं सांगता येणार नाही.)

अण्णा गेल्यावर त्यांची मुदत ठेव सोडवायला गेलो. नॉमिनी मीच.

“काका, इथे डब्ल्यू आहे. तुमच्या आधारवर व्ही. नाव जुळत नाही,” काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या.

“अहो, उच्चार एकच आहे!”

“सिस्टीमला उच्चार नसतो, काका.”

हे मी घरी येऊन तणतणत सांगितलं, तर भाचा म्हणाला, “मामा, उच्चारावरून नावं जुळवायची युक्ती शंभर वर्षांपूर्वीच निघालीय.” तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे आमचा प्रिंटर बिघडला की त्यालाच बोलावतात. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकनानं 1918 साली तिचं पेटंट घेतलं. नाव साउंडेक्स. पुढे 1930 च्या दशकात तिकडच्या जुन्या जनगणनांच्या याद्या याच पद्धतीनं लावल्या, कारण पेन्शन मागायला आलेल्या म्हाताऱ्यांकडे जन्मदाखलेच नव्हते. म्हणजे काउंटरसमोर उभं राहून ‘तो मीच’ म्हणणारे तिकडेही होते. मला जरा बरं वाटलं.

भाच्यानं लाइटबिल उलटं केलं आणि पेन्सिल घेतली. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं. पुढचे स्वर गाळायचे, एच, डब्ल्यू आणि वायही गाळायचे. उरलेल्यांचे सहा गट: बी, एफ, पी, व्हीला 1, डी-टीला 3, एम-एनला 5, असं. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्य.

“केळकर घे,” मी म्हटलं. के, मग एल 4, के 2, आर 6. के-426.

“आता कुलकर्णी.” के, एल 4, के 2, आर 6. एन उरला, पण तीन आकडे भरले होते. तोही के-426! जोशी आणि जोग दोघंही जे-200. पाटील-पटेल पी-340. बायको आतून म्हणाली, “आमच्या जोगांना जोशी म्हणायचं काम नाही.” तिचं माहेर जोगांचं.

“आमचं बघ.” व्ही-352. अण्णांचं डब्ल्यू-352. पहिलं अक्षर हलत नाही, त्यामुळे बापलेक परके. आणि एचवालं? एच गळाला. व्ही-352. ज्या यंत्राला मी अण्णांचा मुलगा वाटत नव्हतो, त्याच्या लेखी मी आणि विध्वंस एकच.

“मेटाफोन लावू का?” भाच्यानं विचारलं. ही 1990 ची सुधारणा. त्यात व्हीचा एफ होतो आणि डीचा टी. आम्ही निघालो एफटीडब्ल्यूएनएस. गॅरेजात मागायला बरं नाव आहे.

मग त्यानं लेव्हेनश्टाइन काढला. हे रशियन गणिती, 1965 चे. यांच्याकडे उच्चाराची भानगडच नाही. एका नावाचं दुसरं करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, एवढंच मोजायचं. केळकरांचे कुलकर्णी करायला तीन. अण्णा आणि मी यांत एक.

“बघ! एक अक्षर! तेवढं माफ करायला काय जातं यांचं?”

“पाटील आणि पटेल यांच्यातही एकच आहे, मामा. माफ केलं तर पाटलांची ठेव पटेल घेऊन जातील.”

मी मॅडमना मनातल्या मनात थोडं माफ केलं. पूर्ण नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेलो. मॅडमनी अण्णांचा मूळ फॉर्म काढला. पिवळा पडलेला कागद, खाली निळ्या शाईत मराठीत सही. वांच्या टिंबाला अण्णा नेहमी जोर द्यायचे. तिथे कागदाला भोक पडलं होतं. मॅडमनी चटकन वाचलं, “विद्वांस. अहो, मग तुम्हीच की हे!”

“तेच तर सांगतोय.”

“मला पटलंय हो काका. प्रतिज्ञापत्र आणा.”

कचेरीबाहेरच्या टायपिस्टनं माझ्याकडे न बघता फॉर्म उघडला. नाव सांगितलं.

“व्ही का डब्ल्यू?”

“दोन्ही. त्यासाठीच आलोय.”

“रकाना एकच आहे, काका.”