कागदाच्या पेटीत चहाचा कप कशाला?

प्रिंटरशेजारी रद्दीची पेटी ठेवली की दुपारपर्यंत तिच्यात चहाचा कप पडलाच म्हणून समजा! अहो, कप दिसतो कागदाचा, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. रद्दीपासून नवा कागद करायला कारखान्यात तिचा लगदा करतात, तेव्हा हा थर सहजी सुटत नाही. शिवाय तळाशी राहिलेला घोटभर चहा खालच्या कागदांत झिरपतो आणि चांगला कोरडा गठ्ठा वाया जातो. स्टेपलच्या पिना एकवेळ चालतात, त्या कारखान्यात चुंबकाने निघतात. लॅमिनेशन, टिश्यू आणि पावत्यांचा गुळगुळीत थर्मल कागद मात्र नकोच. पेटीला झाकण लावा, त्याला दोन बोटं रुंद फट ठेवा. आणि कचऱ्याचा डबा तिला खेटूनच हवा! तो दहा पावलं लांब असला की सगळी घाण पेटीतच येते.