'पुढच्या डिस्क बसवा, बाकी तसंच ठेवा': पद्मिनीवाल्यांनो, जरा थांबा

इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय: "पद्मिनीचे पुढचे ड्रम काढा, भंगारातल्या मारुतीच्या डिस्क आणि कॅलिपर बसवा. खर्च किरकोळ, गाडी निम्म्या अंतरात थांबते, बाकी कशालाही हात लावायला नको." ड्रम ब्रेकमध्ये शू नावाच्या पट्ट्या फिरत्या ड्रमला आतून दाबतात; डिस्कमध्ये कॅलिपर दोन पॅडनी फिरती चकती चिमटीत धरतो. डिस्क ब्रेक चांगले असतात, एवढं यातलं खरं. उरलेल्यावर विश्वास ठेवून कुणी घरची माणसं बसवून इंदूरजवळचा भेरूघाट उतरू नये, म्हणून हे लिहितोय.

आधी निम्म्या अंतराचं. गाडी शेवटी टायरच्या पकडीवर थांबते. ताशी ६० किलोमीटर वेगात, कोरड्या डांबरावर, ब्रेक पूर्ण लागल्यापासून साधारण २० मीटर लागतात. तुमचे ड्रम चाक जाम करू शकत असतील, तर डिस्क लावून हे अंतर निम्मं होणार नाही. डिस्कचा खरा फायदा लांब उतारावर. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, शूवरच्या लायनरची (घासणाऱ्या थराची) पकडही कमी होते आणि पॅडल खाली जायला लागतं. डिस्क उघड्या हवेत असते, ती लवकर निवते. सिमरोलपुढे घाट उतरून नेहमी ओंकारेश्वरला जाणाऱ्याला डिस्क हवी वाटणं रास्तच आहे. राजवाडा ते पलासिया फिरणाऱ्याला तिची गरज नाही.

"बाकी कशालाही हात लावायला नको" हे मात्र सरळ धोक्याचं आहे. ड्रममध्ये पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आत खेचला जातो, म्हणून हलक्या पायाने काम भागतं. डिस्कमध्ये ही मदत नाही. मग तुम्ही पाय जोरात दाबता आणि तोच वाढलेला दाब मागच्या ड्रमनाही जातो. ब्रेक लागल्यावर वजन पुढे सरकून मागची चाकं आधीच हलकी झालेली असतात. ती अगोदर जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट फिरते. म्हणून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह यांचा विचार करावाच लागतो. पॅडल दाबल्यावर तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) पाऊण इंच केला, तर ७/८ इंचाच्या तुलनेत त्याच पायाने सुमारे ३६ टक्के जास्त दाब मिळतो. पण पॅडलही त्याच प्रमाणात जास्त खोल जातं, आणि कॅलिपरचा मोठा पिस्टन तेलही जास्त मागतो. ड्रमसाठीच्या बऱ्याच मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला, तर पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क तापते. तुमच्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट, म्हणजे चारही चाकांना तेलाची एकच वाट असेल, तर एक होज (तेलाची रबरी नळी) फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. पैसे थोडे असतील तर दोन सर्किटचा सिलिंडर डिस्कच्या आधी घ्या, असं माझं ठाम मत आहे.

कॅलिपरचं ब्रॅकेट "कुठल्याही वेल्डरकडून" करून घ्या म्हणतात. ९०० किलोच्या गाडीला जोरात ब्रेक लावला, तर एका पुढच्या कॅलिपरवर अंदाजे ६०० किलोचा ओढा येतो. गॅसने कापलेल्या पट्टीवर आणि कच्च्या वेल्डिंगवर तो सोडायचा? ब्रॅकेट जाड प्लेटचं, मशीनवर केलेलं, योग्य ग्रेडच्या बोल्टांनी कसलेलंच हवं.

किरकोळ खर्चाचा हिशेबही यात कोसळतो. भंगारातली डिस्क किमान जाडीच्या खाली गेलेली असू शकते, कॅलिपरचा पिस्टन गंजलेला असतो. हब, होज, सिलिंडर, लेथचं काम धरा आणि मग बेरीज करा. त्याआधी आहेत तेच ड्रम नीट करून पाहा: ड्रम लेथवर फिरवून घ्या, नवे लायनर ड्रमच्या गोलाईला बसवा, व्हील सिलिंडर आणि होज बदला, शू ॲडजस्ट करा. ब्रेक ऑइल तर बदलाच. नवं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरू शकते. घाटात 'ड्रम फेल झाले' म्हणतात, तेव्हा कित्येकदा उकळलेलं असतं ते जुनं तेल.

कायद्याबद्दल तो सल्ला गप्प आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची, तर ती मूळ रूपात असावी लागते. तेव्हा आधी आरटीओत विचारा, आणि डिस्क बसवल्याच तरी मूळ हब, ड्रम आणि बॅकप्लेट (शू जिच्यावर बसतात ती प्लेट) भंगारात देऊ नका.